नंबर खाली घ्या

आता थकले बाई मी. दिवसभर माणसं मोबाईलवर फोटो पाठवतात. धुरकट, कुठल्यातरी लग्नपत्रिकेवरून काढलेले, कोपऱ्यात काढणाऱ्याचं बोट आलेलं. खाली लिहितात, "मॅडम, हे टी-शर्टवर टाका, अर्जंट." मग मी स्क्रीनवर एक कोरा टी-शर्ट उघडते, तो फोटो त्याच्या छातीवर नेऊन ठेवते, जरा मोठा करते, जरा बारीक करते आणि परत पाठवून देते. समोरून अंगठा येतो. झालं काम! घालणारा माणूस काळा की गोरा, जाड की बारीक, काही म्हणता काही कळत नाही. डोळे चुरचुरायला लागले, मान धरली, की मला हटकून पेंटरमामा आठवतात. आणि आठवले की चिडचिड होते. त्यांच्यावरची थोडी, माझ्यावरची जास्त.

मामांना नाव होतं, पण ते कुणी घेत नसे. गाव त्यांना पेंटर म्हणायचं आणि मी मामा. मूळचे चौसाळ्याचे. आमच्या तालुक्याच्या गावात बसस्टँडसमोर पत्र्याचा एक गाळा होता, त्याला मधून प्लायवूड ठोकलेलं. पुढच्या अर्ध्यात मी, माझा कॉम्प्युटर आणि प्रिंटर. मागच्या अर्ध्यात मामा, त्यांच्या लाकडी फ्रेमा, रंगाचे डबे आणि दोरीवर वाळत घातलेले टी-शर्ट. प्लायवूडला हातभर खिडकी कापलेली होती. गिऱ्हाईक माझ्याकडं यायचं, मी अक्षरं लावायची, चित्र बसवायचं, ट्रेसिंग पेपरवर काळ्यात छापायचं आणि खिडकीतून मामांच्या हातात द्यायचं. पुढचं सगळं त्यांचं. मी तेव्हा सासर सोडून आले होते. भावजयीच्या तोंडाकडं बघत भाकरी खायची नव्हती मला. म्हणून तो कॉम्प्युटर म्हणजे माझा जीव होता, आणि काम लवकर हातावेगळं व्हावं याची मला सारखी घाई असायची.

आणि नेमके मामा भेटले! घाई या शब्दाशी त्यांचं काय वाकडं होतं देव जाणे.

ट्रेसिंग हातात घेतलं की ते आधी दारात जाऊन उजेडाला धरायचे. मग सुरू, "ताई, हे काळं न्हाई, हे करडं हाय. यातून ऊन आत घुसंल." मी म्हणायची, मामा, प्रिंटरमधून एवढंच काळं येतं. ते खाली मांडी घालून बसायचे, बारका ब्रश काढायचे आणि मी छापलेलं एकेक अक्षर काळ्या शाईनं पुन्हा भरत बसायचे. दुपार सगळी त्यात जायची. माझं गिऱ्हाईक बाकड्यावर बसून जांभया द्यायचं आणि मी आतल्या आत जळायची.

तारुण्यात ते एसटीच्या डेपोत रोजंदारीवर पाट्या रंगवायचे. गाडीच्या कपाळावर गावाची पाटी असते ना, ती. ते काम त्यांनी आपण होऊन सोडलं. एकदा मी विचारलं, "मामा, कावून सोडलं हो चांगलं काम?"

"पाटी गाडीला लावतेत, गाडी जाती निघून," मामा म्हणाले. "आपलं अक्षर आपल्याला परत बघायलाच मिळत न्हाई. सदऱ्याचं बरं हाय. सदरा गावातच फिरतो."

टी-शर्टला ते मरेपर्यंत सदराच म्हणाले. डेपो सुटला तरी पाट्या डोक्यातून गेल्या नव्हत्या. छपाईची फ्रेम तयार करायची म्हणजे ताणलेल्या जाळीवर मसाला लावून सुकवायचा, त्यावर ट्रेसिंग ठेवायचं, वर काच, आणि थोडा वेळ उन्हात धरायचं. जिथं ऊन लागतं तिथं मसाला घट्ट होतो, जिथं अक्षराचं काळं असतं तिथं कच्चा राहतो आणि पाण्यानं धुतला की तेवढीच अक्षरं मोकळी होतात. ऊन कमी झालं तर सगळंच वाहून जातं, जास्त झालं तर फ्रेम जळते, अक्षर उघडतच नाही. लोक घड्याळ लावायचे. मामा स्टॉप म्हणायचे. गाळ्यामागच्या अंगणात फ्रेम घेऊन उभे राहायचे आणि संथ आवाजात, बीडच्या रस्त्यावरची गावं घेत जायचे, "नेकनूर... मांजरसुंबा... पाली... बीड..." उन्हाळ्यात नेकनूरलाच उतरायचे. थंडीत पार बीड. श्रावणात आभाळ असलं की गेवराई, शहागड करत कुठवर जातील याचा नेम नसायचा. बाकड्यावरची माणसं हसायची. "पेंटर, आज मुक्कामी गाडी काय बे?" म्हणून कुणी ओरडायचं. मामांचं स्टॉप चुकायचं नाही. तोवर तरी एकही फ्रेम जळालेली मी बघितली नव्हती.

दुसरं त्यांचं खूळ म्हणजे, ऑर्डर कुणाचीही असो, पहिला प्रश्न एकच, "घालणार कोण?"

एकदा बियाण्याच्या कंपनीचा माणूस आला. गळ्यात टाय, घामानं डबडबलेला. शेतकऱ्यांना वाटायला टी-शर्ट पाहिजे होते, छातीवर डावीकडं कंपनीचं कणसाचं चित्र. मामा खिडकीतून डोकावले.

"घालणार कोण?"

"शेतकरी."

"मग खिसा पायजे. बिनखिशाचा सदरा शेतकरी घालतो व्हय? तमाखूची पुडी कुठं ठेवंल?"

"बरं, खिसा लावू."

"मग चित्र खिशावर न्हाई चालणार. पुडी फुगली की तुमचं कणीस वाकडं होईल. उजवीकडं घ्या."

तो माणूस माझ्याकडं बघायला लागला. मी कॉम्प्युटरकडं बघायला लागले. चित्र शेवटी उजवीकडं गेलं.

गावातली निवडणूक आली तेव्हा एका पॅनलचे लोक आले. चिन्ह छातीच्या मधोमध पाहिजे, ठसठशीत. मामा बाहेर आले आणि त्या उमेदवाराला म्हणाले, "हात जोडा बरं." त्यानं सवयीनं हात जोडले. मामांनी त्याच्या जोडलेल्या हातांकडं बोट केलं. "दिसलं का? महिनाभर तुमी असेच फिरणार. चिन्ह झाकतंय. लोकांला कळायचं कसं?" चिन्ह चार बोटं वर घेतलं. उमेदवार इतका खूश झाला की त्यानं सगळ्यांना चहा पाजला. हे मला मान्यच केलं पाहिजे, की माझ्या कॉम्प्युटरला हात जोडलेला माणूस कधी सुचला नसता.

पण याच निवडणुकीत मामांनी मार खायचा तेवढा बाकी ठेवला होता. त्याचं कारण त्यांचं तिसरं खूळ. प्रत्येक ऑर्डरीत ते एक सदरा जास्तीचा छापायचे. तो सोड्यात धुवायचे, उन्हात वाळवायचे आणि एक अख्खा दिवस स्वतःच्या अंगात घालून गावभर फिरायचे. रंग तडकतो का, काखेत ओढतं का, वाकल्यावर अक्षर मोडतं का, हे सगळं अंगावर बघितल्याशिवाय माल द्यायचे नाहीत. त्यामुळं ते कधी व्यायामशाळेचे पैलवान असायचे, सगळ्या फासळ्या मोजता येतील असे. कधी घाटनांदूरच्या बँजो पार्टीचे वाजंत्री. कधी कुणाच्या वरातीतले "नवरदेवाचे जिगरी दोस्त", वय वर्षं पंचावन्न. निवडणुकीत दोन्ही पॅनलचं काम आमच्याचकडं होतं आणि माल एकाच दिवशी द्यायचा होता. सकाळी हे एका पॅनलचा सदरा घालून हिंडले, दुपारी दुसऱ्याचा घालून चहाच्या टपरीवर जाऊन बसले. तिथं पहिल्या पॅनलची पोरं होतीच.

"पेंटर! सकाळी आमचा होतास ना बे?" एकानं सरळ गचांडी धरली.

मामांनी शांतपणे कप खाली ठेवला. "गळा ओढू नको, शिवण उसवंल," ते म्हणाले. "आंग माझं हाय, मत माझं हाय, सदरा ऑर्डरीचा हाय. सोड."

सोडलं त्यानं. टपरी हसायला लागल्यावर काय करणार? मी हे सगळं गाळ्यातून बघत होते. असल्या माणसाच्या भरवशावर आपलं पोट आहे, या विचारानं मला त्या दिवशी जेवण गेलं नाही.

मग गावात इंटरनेट आलं. टेलिफोनची वायर कॉम्प्युटरला जोडायची, बराच वेळ कर्रकर्र आवाज व्हायचा, आणि लागलं तर लागलं. बाहेरगावच्या एका टी-शर्टवाल्या कंपनीचं पान मला सापडलं. पडद्यावर कोरा टी-शर्ट यायचा, पुढून आणि मागून. त्यावर तुटक रेषांचा एक चौकोन. आपलं चित्र त्या चौकोनात सोडायचं, बटण दाबायचं, आठ दिवसांत पार्सल. ट्रेसिंग नको, ऊन नको, नेकनूर नको, मांजरसुंबा नको! मला हरखून गेल्यासारखं झालं. मी मामांना बोलावून दाखवलं. त्यांनी चष्मा पुसून बराच वेळ बघितलं.

"ताई," ते म्हणाले, "या सदऱ्यात माणूस कुठाय?"

"मामा, माणूस कशाला पाहिजे? नमुना आहे तो."

"मान न्हाई, हात न्हाई. उभा कसा ऱ्हायलाय मग?" असं म्हणून ते खिडकीपलीकडं निघून गेले. मी मनात म्हटलं, बसा तुम्ही ब्रश घेऊन.

त्याच हिवाळ्यात खो-खोच्या मॅडम आल्या. तालुक्यातल्या एका शाळेच्या वसतिगृहातल्या मुली. बहुतेकींचे आईबाप ऊसतोडीला गेलेले. त्या बारा मुली जिल्हा जिंकून पुढच्या स्पर्धेसाठी निवडल्या गेल्या होत्या. पहिल्यांदाच त्यांना एकसारखे कपडे मिळणार होते. पांढरे टी-शर्ट, पुढं शाळेचं नाव, पाठीवर लाल नंबर. बारा दिवसांनी निघायचं होतं.

मामांनी विचारलंच. "घालणार कोण?"

"मुली आहेत हो, बारा."

"बघाव्या लागतील."

मॅडमचा चेहरा पडला. "आणि तुम्ही म्हणे एक दिवस घालून हिंडता. अहो, मुलींचे आहेत ते!"

"म्हणूनच बघाव्या लागतील म्हणलं," मामा म्हणाले आणि दुसऱ्या दिवशी खरंच एसटीत बसून त्या शाळेवर गेले. संध्याकाळी परत आले ते वहीच्या पानावर काहीतरी लिहून घेऊन. मला म्हणाले, "मी गेलतो तिकडं. पोरी लई चपळ हायेत. ताई, हे नीट ठेवा." पान मी वाचलं. एक ते बारा नंबर, आणि प्रत्येक नंबरापुढं वेणीची लांबी. मुलींना त्यांनी उकिडवं बसवलं होतं, पळवलं होतं, खांबाला सूर मारायला लावला होता आणि लांब उभं राहून वेण्या कुठवर येतात ते लिहून घेतलं होतं. "तीन: दोन वेण्या, वर बांधलेल्या. नऊ: बॉबकट." आणि सातपुढं, "वेणी कमरेपर्यंत. पळताना मधोमध. ताई, नंबर खाली घ्या."

मला हसू आलं. मग राग आला. बारा मुलींचे बारा नंबर बारा ठिकाणी! म्हणजे बारा ट्रेसिंग, बारा वेळा ब्रश. निघायच्या दिवशीसुद्धा हे सोड्यात बुचकळत बसले असते. मॅडम दुसऱ्या दिवशी पुन्हा आल्या तेव्हा रडकुंडीला आलेल्या होत्या. पोरींनी वसतिगृहात दिवस मोजायला घेतले होते म्हणे. मी आवाज बारीक करून म्हटलं, "मॅडम, माझ्याकडं द्या. मी ऑनलाइन करून देते. आठ दिवसांत येतील." त्या हो म्हणाल्या. प्लायवूडपलीकडं मामा फ्रेमला जाळी ताणत होते. ऐकू गेलं असेल का, हे मला अजून माहीत नाही.

त्या दुपारी मी चौकोनात नंबर टाकले. सात नंबरापाशी आले तेव्हा ते पान कीबोर्डखालून डोकावत होतं. मी सात धरून खाली ओढला. तो चौकोनाच्या तळाशी जाऊन अडला. पुन्हा ओढला. तुटक रेषेच्या बाहेर तो जाईचना. दोन खांद्यांच्या मधे, पाठीच्या वरच्या भागात, तेवढीच जागा कंपनीनं दिलेली. मी त्या सातकडं बघत बसले. फोनचं बिल चढत होतं, लाइन कधीही तुटली असती. मी बटण दाबलं.

आणि पुढचे सात दिवस खोटं बोलले. खिडकीतून मामा विचारायचे, "ताई, खो-खोचं ट्रेसिंग?" मी म्हणायची, "करते मामा." त्यांनी जाळी ताणून ठेवली, लाल रंग घोटून ठेवला. रोज विचारायचे. रोज मी करते म्हणायची.

पार्सल आलं ते त्यांच्यासमोरच. बारा टी-शर्ट, प्रत्येक वेगळ्या पिशवीत. मामांनी एक काढला, रंगावरून अंगठा फिरवला. "छपाई चांगली हाय," ते म्हणाले. "लई चांगली हाय." मग विचारलं, "एक घालून बघू का?"

"मामा, बाराच आहेत."

त्यांनी मान हलवली. पिशव्यांतून शोधून सात नंबरचा काढला, माझ्या खुर्चीच्या पाठीला घातला आणि दोरीचा एक तुकडा गळ्यापासून खाली सोडला. इंग्रजी सातचा दांडा दोरीखाली गेला, वर नुसती आडवी रेघ उरली. माझ्याकडं बघितलंसुद्धा नाही त्यांनी. "मॅडमला तेवढं सांगा," असं म्हणून आत गेले.

मी सांगितलं नाही. सांगायचं म्हणजे चूक झाली हे कबूल करायचं, पहिलीच ऑनलाइन ऑर्डर होती. मॅडमनी पार्सल छातीशी धरलं, "किती सुंदर आलेत हो!" म्हणाल्या, आणि मी नुसती हसले.

पंधरा दिवसांनी मॅडम पेढे घेऊन आल्या. मुली दोन सामने जिंकून तिसऱ्यात हरल्या होत्या. मामा मागच्या अंगणात बँजो पार्टीची फ्रेम उन्हात धरून उभे होते, मधलं दार उघडंच होतं. मॅडम माझ्या टेबलापाशी उभ्या राहून सांगत होत्या. पहिल्याच सामन्यात पंचांनी तक्रार केली. एका मुलीचा नंबर वेणीनं झाकतोय, बाद कोण झालं ते लिहिता येत नाही. अंबाडा बांधला, तो खांबाला सूर मारताना सुटला. पिना लावायला परवानगी नाही. पंच म्हणाले, आता पुन्हा झाकला तर हिला बाहेर बसवा. मग दोन डावांच्या मधल्या वेळात त्या पोरीनं स्वतःच प्रथमोपचाराच्या पेटीतली कात्री आणून मॅडमच्या हातात दिली.

"मी नको नको म्हणत होते," मॅडम म्हणाल्या. "तिची आई कारखान्यावर जाताना शिकेकाईची पिशवी देऊन गेलेली हो माझ्यापाशी. मी येईस्तोवर नीट धुवा म्हणाली. पण पोर ऐकेना. कापा म्हणाली, मला खेळायचंय. कापली मी."

अंगणातून आवाज येत होता. "नेकनूर... मांजरसुंबा..." आणि मग आलाच नाही. मी वळून बघितलं. मामा फ्रेम धरून तसेच उभे होते.

"सात नंबर का?" त्यांनी विचारलं.

"हो," मॅडम चमकल्या. "तुम्हाला कसं कळलं?"

मॅडम गेल्या तरी मामा उन्हात उभेच. मग फ्रेम हौदाशी नेऊन पाणी ओतत राहिले, ओतत राहिले. एक अक्षर उघडलं नाही. फ्रेम जळाली होती.

मला ते रागावले असते तर बरं झालं असतं. शिव्या दिल्या असत्या, गाळा सोड म्हणाले असते, तर मीही चार शब्द ऐकवून मोकळी झाले असते. त्याऐवजी आठवडाभर खिडकीतून कामापुरतं बोलणं. शेवटी मलाच सोसेना. मी आत गेले आणि म्हटलं, "मामा, माझं चुकलं. मी तुमचं पान बघितलं होतं. सात खाली ओढून बघितला, पण तो चौकोन सरकतच नव्हता."

ते ब्रश धूत होते. "मग उठायचं व्हतं ना, ताई," ते म्हणाले. "पलीकडं मी बसलोच व्हतो की."

एवढंच. त्यानंतर आम्ही आणखी सहा वर्षं एका गाळ्यात काम केलं. मी ऑनलाइनवाल्या ऑर्डरी घेतल्या, त्यांनी त्यांच्या घेतल्या. हळूहळू माझ्या वाढल्या, त्यांच्या आटल्या. ते गेले त्यालाही आता बरीच वर्षं झाली. कॉम्प्युटर तीनदा बदलला. त्यांचं ते पान प्रत्येक नव्या कीबोर्डखाली जातंच. आता चौकोन हवा तिकडं सरकतो.

पण ज्या एका दिवसामुळं मी हे लिहायला बसले तो सांगायचा राहिला. खो-खोच्या त्या सामन्यांच्याच वर्षी, ऊसतोडीचे लोक परत आल्यावर, भर उन्हात गाळ्याच्या दारात एक बाई उभी राहिली. डोक्यावरून पदर, हातांवर उसाच्या पात्यांचे ओरखडे. मागं एक पोर, केस मानेपर्यंत. तिला ओळख सांगावी लागली नाही. म्हटलं, आली बाई जाब विचारायला.

"पेंटर कोण हाय?" बाईनं विचारलं.

मामा बाहेर आले. पोरगी त्यांना बघून हसली. सूर मारून दाखवला होता ना तिनं त्यांना. बाई म्हणाली, "हिला आता मोठ्या शिबिराला बोलावलंय. सदरा घरून आणा म्हणलेत. ही म्हणती, पेंटरकडूनच पायजे. आमा पोरींला त्यांनीच नीट बघितलंय म्हणती." तिनं पदराखालून कोरा पांढरा टी-शर्ट काढून टेबलावर ठेवला. वेणीचं नाव तिनं काढलं नाही. बोलता बोलता तिचा हात मात्र सारखा पोरीच्या मानेमागं जात होता आणि तिथं काही नाही म्हणून परत येत होता.

पोरीनं मामांकडं पाठ केली. "मामा, आता नंबर कुठं बी टाका," ती म्हणाली आणि स्वतःच हसली. आई हसली नाही. मी तर कॉम्प्युटरच्या मागं तोंड लपवलं. मला रडू येत होतं आणि ते तिथं रडायचा मला हक्क नव्हता.

मामांनी तिला उकिडवं बसवलं. अंगणात पळवून आणलं. मग खिडकीपाशी येऊन मला म्हणाले, "ताई, ट्रेसिंग काढा. सात."

मी विचारलं, "वर घेऊ ना, मामा?"

"खाली."

"अहो पण, आता तिचे केस..."

"वाढतेत की," मामा म्हणाले.

बाईनं त्यांच्याकडं बघितलं आणि पदर डोळ्यांना लावला. मी सात काढला. मामांनी त्या दिवशी काळं भरायला ब्रश हातात घेतला तेव्हा मी पहिल्यांदा उठून आत गेले आणि त्यांच्याशेजारी बसले. ऊन कडक होतं, मामा नेकनूरलाच उतरले. फ्रेम स्वच्छ उघडली. रंग वाळल्यावर पोरीनं फ्रॉकवरूनच सदरा घातला आणि आईपुढं पाठ करून उभी राहिली. लाल सात पार खाली, कमरेपाशी होता. त्याच्यावर मानेपर्यंत नुसती पांढरी, कोरी जागा. तिची आई बराच वेळ त्या कोऱ्या जागेवरून हात फिरवत राहिली.